पितृपक्षातलं लॉगिन

१६ ऑगस्ट २००५
तात्यांनी आज लग्नाच्या साइटवर अकाउंट उघडलं एकदाचं. आळेफाट्याला, आमच्याच कॅफेत, माझ्या डोळ्यांदेखत. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. निवृत्त मास्तर, आणि बाबा गेल्यापासून माझ्या लग्नाचे ठेकेदार. मी इथं सकाळी कॉम्प्युटरचे क्लास घेते, दुपारी कॅफे बघते, बी.एस्सी. झालेय. तरी माझ्या लग्नाच्या अकाउंटसाठी मी मागं उभी आणि तात्या खुर्चीत.

पासवर्ड ठेवला कुलदैवताचा. टाइप करताना एकेक अक्षर मोठ्यानं म्हणतात, वर्गात पाढे म्हणायला लावल्यासारखं. पलीकडच्या मशीनवरचा एक जण म्हणाला, "तात्या, खंडोबाला डबल ओ लावू नका, एकच लावा." म्हणजे आता सगळ्या फाट्याला माहीत. शहाण्यांचा बाजार नुसता.

१९ ऑगस्ट
तर तात्यांची योजना अशी. वर्गणी एकदाच भरायची, अकाउंट एकच, आणि पोरी भावकीतल्या सगळ्या. आळीपाळीनं. आत्ता मनीषा, म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी. मग मी. मग मळ्यातल्या काकांची. पाळी बदलली की नाव, फोटो, उंची, शिक्षण बदलायचं.

म्हटलं, तात्या, अकाउंट म्हणजे एक माणूस. साइटच्या लेखी ही सगळी एकच बाई.

"आपली विहीर एक हाय का न्हाई? पाळीनं पाणी घेतो का न्हाई? भांडान व्हतं का?"

होतं. दरसाल होतं. मागच्या उन्हाळ्यात काकांनी मोटारीची वायर तोडली होती. पण तात्यांपुढं कोण बोलणार? आईनं डोळ्यांनीच गप्प केलं. आणि मनीषा लाजून हसत होती, जणू तिला साइटनं मागणीच घातली. बिनडोक.

४ सप्टेंबर
हसून हसून पोट दुखलं, आणि आता रागही येतोय.

घोडेगावचे पाहुणे आज मनीषाला बघायला आले. त्यांनी पसंती कळवली होती मनीषाच्या फोटोला. पण एक तारखेला पाळी बदलली ना! अकाउंटवर आता मी. आणि पोराच्या मामानं निघताना सकाळी मंचरच्या कॅफेतून माहितीचा ताजा कागद काढून आणलेला. त्यावर फोटो माझा, उंची माझी, शिक्षण माझं. समोर पोह्यांच्या बशा घेऊन मनीषा.

पोराची आई कागद बघते, मनीषाला बघते, परत कागद बघते. "ह्या फोटोतली कुटंय?"

तात्या म्हणाले, "ती बी आमचीच."

"मंग ही?"

"ही बी आमचीच."

मामा म्हणाला, "पावणं, आमी एकच मागाया आलो व्हतो."

पोहे मात्र सगळ्यांनी संपवले. गेल्यावर तात्या काय म्हणाले? "घोडेगावचे लोक लई संशयी." मनीषा संध्याकाळपर्यंत रडत होती. तिच्याबद्दल वाईट वाटलं, पण योजना बदला म्हणून बापाला एका शब्दानं बोलली नाही. मग रड बाई.

९ सप्टेंबर
गणपतीची गडबड, तरी तात्या कॅफेत हजर. माझी माहिती दुरुस्त केली. 'सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, मोठ्यांचा मान ठेवणारी.' मी मागंच उभी होते. सुस्वभावी वाचून संतोषभाऊ, म्हणजे आमचा कॅफेचा मालक, चहा सांडेपर्यंत हसला.

तात्यांची एक खोड आहे. फॉर्ममध्ये चौकोन दिसला की त्यात खूण करायचीच. रिकामा चौकोन म्हणजे अपुरी माहिती, ही चाळीस वर्षांची मास्तरकी. लॉगिनच्या खाली 'या कॉम्प्युटरवर मला लक्षात ठेवा' असा चौकोन असतो. तिथंही खूण. मशीन तीनवर. आणि उठून गेले आरतीला.

मग लाइट गेली. दोन तासांनी आली, मशीन चालू केलं, साइट उघडली, तर 'स्वागत आहे'. तात्यांच्या कृपेनं मी आत.

१३ सप्टेंबर
कुणीतरी माझ्या माहितीत 'छंद' या रकान्यात 'झोपणे, भांडणे' लिहून ठेवलं. कोण ते शोधण्यात अर्थ नाही. पासवर्ड सगळ्या स्टँडला पाठ आहे. शिवाय दुसरा शब्द खोटा नाही.

तात्या भडकले. पासवर्ड बदलला. या वेळी टॉवेलचा आडोसा करून, दबक्या आवाजात. मलासुद्धा सांगितला नाही. "आता कुनाचा बाप आत जाऊ दे!" मशीन एकवर बसून बदलला.

ते गेल्यावर मी मशीन तीनवर बसले. 'स्वागत आहे.'

संतोषभाऊ बघतच राहिला. "आगं, पासवर्ड बदलला ना त्येनी? तू कशी आत?"

कप्पाळ! कॅफे चालवतो आणि हे माहीत नाही. म्हटलं, भाऊ, साइटला माणूस ओळखू येत नाही. आपण एक पान बघून दुसऱ्यावर गेलो तरी तिच्या लेखी कुणी तिऱ्हाईत आला. म्हणून एकदा पासवर्ड दिला की ती मशीनकडं एक चिठ्ठी देऊन ठेवते. तिला कुकी म्हणतात. पुढं प्रत्येक पानाला मशीन ती चिठ्ठी दाखवतं, साइट म्हणते या. साधी चिठ्ठी आपण ब्राउझर बंद केला की जाते. चौकोनात खूण केली की महिनोन्‌महिने राहते. तात्यांनी कुलूप बदललं, पण जुनी चिठ्ठी रद्द करायचं साइटवाल्यांनाच सुचलं नाही. तेही आपल्यासारखेच.

"म्हंजी चिठ्ठी मशीनची, मानसाची न्हाई."

हां. तीनवर जो बसेल तो तात्या.

"अरारा," संतोषभाऊ म्हणाला, "मंग कुनी बी बसलं तर?"

कुणीही बसू नये म्हणून मी तीनवर 'नादुरुस्त' असा कागद लावला.

१९ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. तात्यांनी जाहीर केलं, घट बसेपर्यंत लॉगिन करायचं नाही. पितरांच्या पंधरवड्यात स्थळ बघत नाहीत, बोलणी करत नाहीत, म्हणून साइटसुद्धा उघडायची नाही! आई म्हणाली, बघायला काय हरकत आहे, ते तर कॉम्प्युटरमध्ये आहे. तात्यांनी असं बघितलं, जणू तिनं श्राद्धाला चिकन करू का विचारलं.

एवढं शिकले, चाळीसेक वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं. डोंबल विज्ञान.

पण माझ्यासाठी बरंच आहे. पंधरवडाभर अकाउंट माझ्याच नावावर राहणार.

२१ सप्टेंबर
एक निरोप आलाय. खोडदचा मुलगा. अमोल. आयटीआय झालाय, तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर वायरमन आहे. म्हणजे आपल्याच तालुक्यातला. आमच्या राजुरीहून खोडदला पोचायला या लोकांना इंटरनेट लागतं.

बाकीच्या निरोपांसारखा 'तुमची माहिती आवडली, पत्रिका पाठवा' वाला असेल म्हणून पुसणार होते. पण: "सुस्वभावी आणि भांडणे, दोन्ही एकाच माहितीत आहे. यातलं तुम्ही काय लिहिलंय?"

छंद पुसायचा राहिलाच होता!

मी लिहिलं, एकही नाही. पण दुसरं खरं आहे.

२४ सप्टेंबर
उत्तर आलं. "बरं झालं. माझ्या माहितीत निर्व्यसनी, मनमिळाऊ असं बाबांनी लिहिलंय. मनमिळाऊ कशाला म्हणतात मला माहीत नाही. आमच्या घरात जो बोलत नाही त्याला म्हणतात."

दिवसभर क्लासमध्ये पोरांना काय शिकवलं आठवत नाही. एकजण म्हणाला, मॅडम, तुम्ही आज रागावला नाहीत एकदापण.

२७ सप्टेंबर
रोज येतो निरोप. दुपारचा. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, पण काय लिहितो! आजचा उतरवून ठेवते.

"इथं दुर्बिणीची माणसं आकाशातलं ऐकतात. म्हणून आवारात मोबाईल बंद ठेवायला लावतात, नाहीतर त्यांना वरचं नीट ऐकू येत नाही. आमच्या घरात दुर्बीण नाही. तरी बायकांचे आवाज बंदच असतात. कुणाचं ऐकायचं असतं घरातल्यांना, मला कळलं नाही अजून."

पुरुषानं लिहिलंय हे. आपल्याकडच्या. बाईचा आवाज घरात बंद असतो हे दिसायला आपल्याकडच्या पुरुषाला डोळे असतात हेच मला माहीत नव्हतं. मनीषाला दाखवलं, तर म्हणते, "पगार किती ते लिहिलं न्हाई का?" जा बाई तू.

मी खूप मोठं उत्तर लिहिलं. बाबांबद्दलसुद्धा लिहिलं. ते कुणाला सांगितलं नव्हतं.

३० सप्टेंबर
आता घोर लागलाय. मंगळवारी घट बसतील. तात्या पहिल्या दिवशी पहिलं काम करणार ते पाळी बदलायचं. घोडेगावचं फिसकटलं म्हणून आधी परत मनीषा, मळ्यातल्या काकांची नंतर. मग खोडदचे निरोप मनीषाच्या फोटोखाली जाणार, आणि ते लोक तिला बघायला येणार, आणि तात्या म्हणणार, ती बी आमचीच.

मला हा मुलगा पाहिजे. लिहून बघितलं, कसं दिसतं ते. दिसायला बरं दिसतंय.

२ ऑक्टोबर
आईला सांगितलं. निम्मं. म्हटलं, खोडदच्या स्थळाला आपण होऊन कळवा, माझ्या नावानं, घट बसायच्या आत.

"तू त्याच्याशी बोललीस?"

नाही. लिहिलं.

"मशीनवर?" मग पुढची भाकरी थापत राहिली. "तात्यांना म्हणू नको लिवलं म्हणून. मी सांगते, माझ्या माहेरच्या ओळखीचे हायेत म्हणून."

खोटं बोलायला आई इतकी तयार असते हे आज कळलं. फार बरं वाटलं. तात्या पंधरवडा संपेपर्यंत फोन लावणार नाहीत, पण घट बसल्यावर आधी हाच लावतील, असं तिनं कबूल करून घेतलं.

४ ऑक्टोबर
घट बसले. तात्यांनी खोडदला फोन केला. मुलाचे बाबा म्हणाले, रविवारी येतो. तात्या खूश. "साइट-बिट काय न्हाई, शेवटी ओळख लागतीच!" आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पक्की आहे.

९ ऑक्टोबर, रविवार
लिहावंसं वाटत नाहीये. पण लिहिते.

आले. बाबा, मुलगा, एक मामा, आणि मुलाची मोठी बहीण, सुरेखा. घरात तिला आक्का म्हणतात. आंबेगाव तालुक्यात दिली होती, नांदवलं नाही, परत आलीय. हे तात्यांनी आधीच कुजबुजून ठेवलं होतं, 'तेवढी एक अडचण' म्हणून.

मुलगा सरळ बसला. दिसायला चांगला. हात मोठे. खाली बघून खात होता.

तात्यांनी विचारलं, पोरीला काय विचारायचं? तो म्हणाला, "न्हाई."

मला वाटलं, लाजतोय. सगळ्यांपुढं काय बोलणार बिचारा. म्हणून मीच म्हणाले, तुमच्याकडं वरचं ऐकू यावं म्हणून मोबाईल बंद ठेवतात ना?

तो म्हणाला, "व्हय. आवारात."

म्हटलं, आणि घरात?

"घरात रेंज हाय की."

बघितलं त्याच्या तोंडाकडं. काही नाही. काहीच नाही. आणि मग बघितलं तर आक्का बशी खाली ठेवून माझ्याकडंच बघत होती.

तोंडात मारल्यासारखं झालं.

ती पाणी प्यायच्या निमित्तानं आत आली. चुलीपाशी उभी राहिली. हळू बोलत होती, मला पुढं वाकावं लागलं. "ताई, त्यो लिहीत न्हाई. मी लिवलं. पितरांत बाबा साइट उघडत न्हाईत. नारायणगावच्या कॅफेत मशीनवर उघडंच व्हतं, बाबांनी बंद केलं नव्हतं. मी शिवणाच्या क्लासला जाते तितं, त्याच्या शेजारीच. सहज बसले. तुमचं भांडणे वाचलं, आन..."

म्हटलं, कशासाठी पण?

"तुमी घरात आला असता तर मला बोलायला कुनीतरी झालं असतं."

मी काय बोलले? मी म्हणाले, लाज वाटत नाही का? असं म्हणाले. ती मान खाली घालून बाहेर गेली. त्यांच्याकडून होकार जाताजाताच आला. तात्यांनी पेढे आणवले.

१० ऑक्टोबर
सगळ्या तालुक्याला मी अक्कल शिकवत होते. चिठ्ठी मशीनची असते, माणसाची नसते. संतोषभाऊला तोंड वर करून सांगितलं. तीनवर जो बसेल तो तात्या. मग नारायणगावच्या मशीनवर जो बसेल तो अमोल, एवढी साधी गोष्ट या शहाणीला कळली नाही. घोडेगावचे लोक बरे. ते निदान कागद घेऊन आले होते.

त्याचा राग येतो. त्यानं काय केलं? काहीच नाही. म्हणूनच येतो. तिचा येतो. सगळ्यात जास्त तिचाच. आणि सारखं डोक्यात येतं की बाबांबद्दल मी जे लिहिलं त्यावर तिनं लिहिलं होतं, "तुम्ही त्यांच्याशी भांडत होता, म्हणून तुम्हाला त्यांची आठवण येते. माझ्याशी कुणी भांडतसुद्धा नाही."

ते अमोलनं लिहिलंय असं मी समजले. कसं समजले?

११ ऑक्टोबर
उद्या दसरा, म्हणून संतोषभाऊनं हत्यारांची पूजा मांडली. म्हणजे सगळी मशीनं उघडून धूळ झटकली, आतलं सगळं पुसून नव्यानं सिस्टीम टाकली, वर झेंडूची माळ. मला विचारलंही नाही. "वर्षातनं एकदा मशीन आतनं बाहेरनं स्वच्छ पायजे, देवाचं काम हाय."

तीनवर बसले. साइटनं विचारलं, नाव? पासवर्ड?

ते सगळे निरोप आत आहेत आणि मी बाहेर. वहीत एक उतरवलाय तेवढाच राहिला. एक मिनिट वाटलं, तात्यांकडं मागावा नवा पासवर्ड. मग वाटलं, मागून काय वाचायचं आता? तरी वाचायचे होते. भांडले भाऊशी. तो म्हणाला, "आगं सणाचं काय डोकं फिरलं तुजं?"

१५ ऑक्टोबर
तात्यांना उत्तर पाहिजे. आज कॅफेत येऊन म्हणाले, "लोकं थांबलेत. हो म्हनलं की सुपारी फोडू." आई म्हणते, तुझ्या मनावर आहे. मनीषाला वाटतं मी नखरे करतेय. म्हणाली, "चांगला वायरमन हाय की, सरकारी." तिला सगळंच सरकारी वाटतं.

मी सांगितलं, उद्यापर्यंत थांबा.

१६ ऑक्टोबर
अमोल आला. कॅफेत. एकटा.

दारातच उभा. संतोषभाऊ म्हणाला, या पावणं, कोन पायजे? तो म्हणाला, "मेल पाठवायचा हाय. मला अकाउंट न्हाई. माझं वेगळं काढून द्या."

मी काढून दिलं. नाव, गाव मीच भरलं. तो पासवर्डच्या रकान्यापाशी आला आणि म्हणाला, "तुमी जरा तिकडं बघा."

मी भिंतीकडं बघितलं. या कॅफेत हे मला कुणी म्हटलेलं नाही आजवर.

मग एका बोटानं बराच वेळ टाइप करत होता. मला वाटलं, आता कुणाला पाठवतोय? उठला, पैसे ठेवले, मान हलवली आणि गेला. एसटी लागलीच होती. मेल माझ्याच पत्त्यावर आला होता. पत्ता आक्कानं दिला असणार, मीच तिला कळवला होता. 'त्याला' म्हणून.

"मला लिहायला जमत न्हाई. आक्कानं लिवलं हे मला म्हाईत नव्हतं. परवा ती मला नारायणगावला घेऊन गेली आन मशीनवर सगळं दाखवलं. तिचं बी वाचलं आन तुमचं बी. निम्मं कळलं. घरात आक्का कवा येवढं बोलली न्हाई. मी शेजारच्या खोलीत झोपतो. माझ्याबद्दल तुमाला वाटंल ते सांगा, मी राग मानणार न्हाई. पण तुमी न्हाई म्हनला तरी आक्काला लिहीत जावा."

खाली नाव लिहायचं राहिलंय.

उत्तराची खिडकी उघडून बसलेय. बाहेर तात्या संतोषभाऊशी बोलतायत, मधूनच आत डोकावतायत, त्यांना हो की नाही ते आजच पाहिजे. सगळ्या तालुक्याला तोंडावर सुनावणारी मी, आणि मला पहिला शब्द सुचत नाहीये. वरती कुणाचं नाव घालू तेच कळत नाही, त्याचं का तिचं.